शेठ मत मागायला येतो तेव्हा

मी कागदाच्या गिरणीत काम करतो. खालापूर तालुक्यात अशा गिरण्या बऱ्याच आहेत. कापडाच्या गिरण्या मुंबईत मेल्या. आमच्याकडं हायवेच्या कडेला कागदाच्या, लोखंडाच्या, पायपाच्या राहिल्यात. माझं काम पल्परवर. रद्दीच्या गाठी फोडायच्या, तारा काढायच्या, कागद पाण्यात ढकलायचा. त्याचा लगदा होतो. लगद्यातून पुन्हा खोक्याचा कागद.

निवडणूक झाली की पुढचे दोन-तीन महिने गाठींतून पत्रकं निघतात. हात जोडलेले चेहरे. सगळ्या पक्षांचे, सगळ्या निशाण्यांचे. पल्परला पक्ष नसतो. पाच मिनिटांत सगळे सारखेच करडे.

अशाच एका रात्रपाळीला आमच्या वस्तीतला एक पोरगा माझ्या जोडीला होता. आयटीआय झालेला, माझ्यासारखाच ठेकेदाराकडं. एक पत्रक हातात धरून तो म्हणाला, "दादा, हे सगळे खाणारेच. खरं म्हणजे टाटांसारखा माणूस खासदार पायजे होता. ज्याचं पोट आधीच भरलेलं हाय, तो कशाला खाईल?"

मी म्हणालो, "टाटा उभे राहिले होते की."

"कोण? रतन टाटा?"

"त्यांचे वडील. नवल टाटा. साल १९७१. दक्षिण मुंबईतून लोकसभेला. पडले."

तो गप्प झाला. त्याच्या मोबाईलवर रतन टाटांचा फोटो होता. २०२४ च्या ऑक्टोबरात ते वारले तेव्हा लावलेला, अजून काढला नव्हता. मग तो म्हणाला, "का पाडलं लोकांनी? तुज्या आज्याला कॅन्सर झाला तवा कुठं नेलावता? टाटातच ना?"

मला उत्तर देता आलं नाही. आज्याला टाटातच नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला तीन वर्षं जास्त दिली. मी तारा कापत राहिलो.

मित्रांनो, हा प्रश्न एकट्या त्या पोराचा नाही. आपल्या कितीतरी पोरांचा आहे. प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी शेठ उभा राहतो, नाहीतर शेठचा माणूस उभा राहतो, आणि आपली पोरं पाचशे रुपये रोजावर त्याचा झेंडा धरतात. वर म्हणतात, तो तरी खाणार नाही. म्हणून मी हा इतिहास शोधला. मला कॉलेज नाही. नगरपालिकेचं वाचनालय, आज्याच्या गोष्टी आणि सुट्टीचा दिवस, एवढंच माझं विद्यापीठ. जे पक्कं समजलं तेच इथं लिहितो.

आमच्या डोंगरातला टाटा

खोपोलीत टाटा म्हटलं की माणूस आठवत नाही. पॉवर हाऊस आठवतं. पाणी वरचं, मावळातलं. लोणावळा, वळवण, शिरोता ही तळी. तिथलं पाणी मोठ्या नळांतून घाट उतरून सतराशे फूट खाली येतं आणि चाकं फिरवतं. १९१० साली कंपनी निघाली, १९१५ साली खोपोलीतून वीज सुरू झाली. ती खोपोलीच्या झोपड्यांसाठी नव्हती. ती तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरं पॉवर हाऊस उभं राहिलं. तीही वीज मुंबईलाच.

म्हणजे बघा. आमच्या दोन तालुक्यांतून वीज मुंबईला गेली. त्याच वाटेनं माणसंही गेली. माझा आजा असाच गेला. डोंगरातून खाली आलेल्या पाण्यानं साचा फिरायचा आणि त्याच डोंगराखालून गेलेला माणूस त्या साच्याजवळ उभा असायचा. त्या मालकाला पाणी पाहिजे होतं, मनगट पाहिजे होतं. मत नको होतं. १९१५ साली आपल्या माणसाकडं मत नव्हतंच.

पाणी घेताना कुणाला विचारलं नाही, म्हणून भांडणंही झाली. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढं होते. जमीन बुडाली, धरण झालं. पुढं १९४२ साली आमच्या कर्जत भागात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. कोतवाल माथेरानचे, नाभिक समाजातले, वकिली शिकलेले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात शहीद झाले. ती लढाई इंग्रजांशी होती. पण घाव नेमका कुठं घातला ते बघा. त्या तारेवर. त्या माणसांना ठाऊक होतं सत्तेची शीर कुठून जाते.

खुर्ची कोणाची

१९१९ च्या कायद्यानं कायदेमंडळं मोठी झाली. पण मत कुणाला? जो सारा भरतो, कर भरतो, ज्याच्याकडं मालमत्ता आहे त्याला. शिवाय व्यापाऱ्यांना, गिरणी मालकांना वेगळ्या जागा. मुंबईच्या गिरणी मालक संघाच्या वतीनं होमी मोदी १९२९ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसत. त्यांना परळच्या कुठल्या चाळीत जाऊन हात जोडावे लागले नाहीत. मालक असणं हीच त्यांची पात्रता.

आणि कामगाराच्या वतीनं कोण? ना. म. जोशी. आपल्याच जिल्ह्यातले, गोरेगावचे. माणूस प्रामाणिक, आयुष्य कामगारांसाठी घातलेला. पण त्यांनाही कामगारांनी निवडलेलं नव्हतं, सरकारनं नेमलेलं होतं. मालकाला प्रतिनिधी निवडता येई, कामगाराला प्रतिनिधी मिळे. निवडणं आणि मिळणं, ह्या दोन शब्दांतच सगळं राजकारण आहे.

आपल्याला तर ह्याहून कमी. १९२७ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात आले तेही नेमणुकीनं. गिरणीत आपल्या माणसाला साचेखात्यात पाऊल ठेवता येत नव्हतं. धोट्यात कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार? म्हणून जास्त पगाराचं खातं बंद आणि त्रासनखात्यासारखी कमी पगाराची खाती आपली. मालक म्हणे, हा कामगारांचा आपसातला मामला. कामगार पुढारी म्हणत, आत्ता एकी महत्त्वाची. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मागणी म्हणून पुढं आणला तेव्हा कुठं त्याची दखल घेतली गेली. दोन्ही बाजूंना चांगली माणसं होती. पण आपलं दुखणं आपल्या माणसानं बोलेपर्यंत कुणाच्या कागदावर आलं नाही.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साऊथबरो समितीपुढं त्यांनी साक्ष दिली. तेव्हा त्यांचं वय सत्तावीस. माझ्याहून एका वर्षानं मोठे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की कुणीतरी आपली मतं मांडली एवढ्यानं भागत नाही, आपल्यातली माणसं स्वतः तिथं बसली पाहिजेत. अस्पृश्याचं हित अस्पृश्यच मांडू शकतो. १९२८ साली सायमन कमिशनपुढं त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. लिहिता-वाचता येवो न येवो, घर असो नसो, वयात आलेल्या प्रत्येकाला मत. आज हे सोपं वाटतं. तेव्हा भलेभले देशभक्तसुद्धा म्हणत, अडाण्याच्या हातात मत देऊन काय होणार?

मित्रांनो, आपलं मत आभाळातून पडलेलं नाही. ते मागून, भांडून, लिहून मिळवलेलं आहे. म्हणून त्याचा रोज पाचशे रुपये ठरवणाऱ्याचा मला राग येतो.

तीन खुर्च्या

१९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. गंमत बघा, होमी मोदी त्याच मंडळात १९४१ पासून होते. गिरणी मालकांचा माणूस आणि महारवाड्यातून आलेला माणूस एका मेजावर. मोदी १९४३ च्या फेब्रुवारीत राजीनामा देऊन बाहेर पडले. बाबासाहेब १९४६ पर्यंत राहिले आणि कारखान्यातल्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारा कायदा त्यांच्या खात्यानं केला.

त्याच काळात सरकार, मालक आणि कामगार ह्या तिघांनी एकत्र बसून बोलायची पद्धत आपल्याकडं रुजली. तीन बाजू, तीन खुर्च्या. जगाच्या पातळीवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत हीच पद्धत १९१९ पासून. ह्या तीन खुर्च्या नीट ध्यानात ठेवा. कारण नवल टाटा आयुष्यभर त्यांतल्या एका खुर्चीवर बसले.

नवल टाटा हा माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगतो. १९०४ साली सुरतेत जन्म. बाप लहानपणी गेला. पारशी अनाथाश्रमात वाढले. सर रतन टाटांच्या पत्नी नवाजबाई यांनी त्यांना दत्तक घेतलं. १९३० साली ते टाटांच्या कचेरीत कारकुनासारख्या कामापासून लागले. १९३९ साली टाटा मिल्सच्या कारभारात वर आले. पुढं कापड गिरण्या, तेल गिरणी, वीज कंपन्या. आमच्या खोपोली-भिवपुरीची वीज ती ह्याच घराण्याची. मालकांच्या फेडरेशनचे ते अध्यक्ष झाले आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत भारतातल्या मालकांच्या वतीनं दशकानुदशकं बसले. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. हॉकीवर त्यांचं प्रेम होतं, हॉकी फेडरेशनचेही ते अध्यक्ष होते.

अनाथाश्रमातलं पोर. भूक पाहिलेला माणूस. आपल्या पोराला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग झालंच की दादा, तो आपल्यातलाच.

नाही. तो आपल्यासारखा होता. आपल्यातला नव्हता. पोट भरल्यावर भूक आठवणं ही चांगली गोष्ट आहे. पण जिनिव्हात त्या मेजावर त्यांची खुर्ची मालकांची होती आणि त्यांनी ती मालकांची म्हणूनच चालवली. ह्यात लबाडी नव्हती. ते ज्यांचे प्रतिनिधी होते त्यांचं काम त्यांनी केलं. प्रश्न एवढाच, की १९७१ साली त्यांनी दुसरी खुर्ची मागितली. लोकांची.

साल १९७१

तो काळ कसा होता? १९५३ साली टाटांची एअर इंडिया सरकारनं घेतली होती. १९६९ च्या जुलैमध्ये इंदिरा गांधींनी १४ मोठ्या बँका सरकारी केल्या. त्याच साली मोठ्या घराण्यांच्या मक्तेदारीवर लगाम घालणारा कायदा झाला आणि कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली. संस्थानिकांचे तनखे जाणार अशी चर्चा. मालकवर्ग धास्तावलेला. त्याच्या आधीपासून, १९५९ पासून, उघडपणे मालकीच्या बाजूनं बोलणारा स्वतंत्र पक्ष होता. सरकारनं धंद्यात पडू नये, परवाने-कोटे नकोत, जमिनीला हात लावू नये, हे त्याचं म्हणणं. त्याचे पुढारी मिनू मसानी एके काळी टाटांकडंच नोकरीला होते. १९६७ साली ह्या पक्षाचे ४४ खासदार लोकसभेत बसले. गंमत नव्हे, मोठी ताकद होती.

१९७१ च्या मार्चात मध्यावधी निवडणूक आली. एकीकडं 'गरिबी हटाव'. दुसरीकडं जुनी काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र, संयुक्त समाजवादी यांची आघाडी. आणि दक्षिण मुंबईत नवल टाटा अपक्ष म्हणून उभे राहिले. ही तीच जागा जिथं १९६७ साली जॉर्ज फर्नांडिस नावाच्या कामगार पुढाऱ्यानं काँग्रेसच्या स. का. पाटलांना, मुंबईच्या अनभिषिक्त राजाला, पाडलं होतं.

आजा तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. एका गिरणीत बदली कामगार. सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. त्याचं नाव गावच्या यादीत होतं, म्हणून तो मत टाकायला खालापूरला आला होता. पण मुंबईतली हवा त्याला आठवत होती. तो सांगायचा, "टाटा उबा रायला म्हनून खोलीत लई हसलो आमी. म्हनलं, आता शेठ पन बदली कामगार झाला. गेटवर उबा. घेतला तर घेतला."

हे हसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. गेटवर उभं राहायची पाळी पहिल्यांदा मालकावर आली होती. आणि गेट उघडायचं की नाही हे आतल्यांनी ठरवायचं होतं. होमी मोदींना असं गेटवर उभं राहावं लागलं नव्हतं. मधल्या काळात एक गोष्ट झाली होती. संविधान. एक माणूस, एक मत, एक किंमत. शेठच्या मताची किंमत एक आणि झाडूवालीच्या मताची किंमत एक.

नवल टाटा पडले. काँग्रेसचे डॉ. एन. एन. कैलास निवडून आले. त्याच निवडणुकीत राजस्थानात झुंझुनूमधून के. के. बिर्ला उभे होते. तेही काँग्रेसच्या उमेदवाराकडून पडले. राजकोटात मसानी पडले. स्वतंत्र पक्ष ४४ वरून ८ वर आला आणि १९७४ साली दुसऱ्या पक्षात विरून गेला. टाटा-बिर्ला म्हणून आपण एका दमात ज्यांची नावं घेतो, ती दोन्ही घराणी एकाच महिन्यात मतपेटीपुढं हरली.

पण थांबा. टाळ्या वाजवू नका. दोन गोष्टी सांगायच्यात.

पडलेला बाप आणि निवडलेले लोक

पहिली गोष्ट. ज्या मतानं टाटांना पाडलं त्याच मतानं आधी बाबासाहेबांना पाडलं होतं. १९५२ साली उत्तर मुंबईतून. दोन जागांचा मतदारसंघ, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. ज्यानं मत मिळवून दिलं तो १४,५६१ मतांनी हरला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरला. काजरोळकर दलितच होते. म्हणजे नुसता आपल्यातला असून भागत नाही. १९३२ च्या पुणे करारानंतर राखीव जागेवरचा माणूस आपल्यातला असतो, पण त्याला निवडणारे बहुतेक दुसरेच असतात. आणि माणूस जाब देतो तो निवडणाऱ्याला. तेव्हा आपलं माप दोन बोटांचं पाहिजे. एक, तो आपल्यातला आहे का? दोन, तो आपल्याला जाब देतो का? शेठ पहिल्यात बसत नाही. आपले कित्येक पुढारी दुसऱ्यात बसत नाहीत. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं पाहिजे.

दुसरी गोष्ट. 'गरिबी हटाव' म्हणणारे निवडून आले म्हणून गरिबी हटली नाही. दलित वस्त्यांवरचे हल्ले थांबले नाहीत. म्हणून तर वर्षभरात, १९७२ साली, मुंबईतली आपल्याच वयाची पोरं दलित पँथर म्हणून रस्त्यावर आली. शेठला पाडणं म्हणजे आपण जिंकणं नव्हे. पाडायला एक दिवस पुरतो. जिंकायला संघटना लागते.

मागचं दार

मालक मात्र १९७१ मधून शिकले. आपल्यापेक्षा लवकर शिकले.

के. के. बिर्ला १९८४ साली राज्यसभेत गेले आणि २००२ पर्यंत राहिले. राज्यसभेला जनता मत देत नाही, आमदार देतात. आपल्या महाराष्ट्रातून २००६ साली राहुल बजाज अपक्ष म्हणून राज्यसभेत गेले. भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी, एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष, त्यांच्यामागं उभे राहिले. मी त्यांच्यावर काही आळ घेत नाही. फक्त दार दाखवतो. पुढच्या दारात झाडूवाली उभी असते, तिचं मत एक. मागच्या दारात ती नसते.

पैशाचंही तसंच. १९६९ साली बंद झालेल्या कंपन्यांच्या देणग्या १९८५ साली पुन्हा सुरू झाल्या. २०१८ साली निवडणूक रोखे आले. कुणी कुणाला किती दिले ते मतदाराला कळायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवले. सहा वर्षं मात्र ते चालले. जो स्वतः उभा राहतो तो निदान पडू शकतो. जो उभा राहणाऱ्याला पोसतो त्याला पाडायचं कसं?

१९८४ हे साल आणखी एका कारणानं ध्यानात ठेवा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आजाही त्यात होता. संप कधी संपला हे कुणी जाहीर केलं नाही, माणसं संपत गेली. पण १९८४ च्या डिसेंबरात, देशभर काँग्रेसची लाट असताना, गिरणगावानं संपाचे पुढारी दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवलं. हरलेल्या कामगारांनी. गिरण्या त्यामुळं उघडल्या नाहीत, हे खरं. आजा गावी परतला तो परतलाच. पण मला दोन चित्रं शेजारी शेजारी दिसतात. एकाच साली बिर्ला आमदारांच्या मतानं संसदेत जातात आणि सामंत उपाशी कामगारांच्या मतानं. दोन दारं. एकच घर.

आणि एअर इंडिया? ती २०२२ च्या जानेवारीत टाटांकडं परत गेली. त्यासाठी त्यांना कुणापुढं मत मागावं लागलं नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मांडलं होतं, की मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि ते संविधानातच लिहावं. नाहीतर ज्याच्या हातात भाकर, त्याच्याच हातात माणसाचं स्वातंत्र्य. ते लिहिलं गेलं नाही. आपल्याला मत मिळालं, मेज मिळालं नाही.

आज्याचं काय?

आता त्या पोराचा खरा प्रश्न. आज्याला टाटात नेलं होतं, त्याचं काय?

परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली टाटांच्या ट्रस्टनं सुरू केलं. हे मोठं काम. गरीब माणूस अजून त्याला नुसतं 'टाटा' म्हणतो आणि श्रद्धेनं म्हणतो. मीही म्हणतो. पण १९५७ साली ते केंद्र सरकारनं घेतलं आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याखाली आहे. म्हणजे आजा तिथं होता तेव्हा ते तुमच्या-माझ्या पैशावर चालत होतं. काडेपेटीवर, बिडीवर आपण जो कर भरतो त्यावर. पाया दानाचा, पण गेली साठ-पासष्ट वर्षं वरचा मजला लोकांनी उचललाय. दानात सुरू झालेली गोष्ट लोकांची झाली म्हणून टिकली. आज्यासाठी मी टाटांचा आभारी आहे. पण आभार म्हणजे मत नव्हे. आभार मागच्याचे मानायचे असतात. मत पुढच्यासाठी असतं.

आणि हिशेब कर म्हणावं. लोकसभेच्या निवडणुकीला एका उमेदवारानं ९५ लाखांपर्यंत खर्च करायला कायद्यानं परवानगी आहे. आमचा रोज पाचशे रुपये. म्हणजे एकही सुट्टी न घेता बावन्न वर्षांची मजुरी. नुसतं डिपॉझिट २५ हजार, आपल्याला निम्मं, साडेबारा. म्हणजे पंचवीस दिवसांचा रोज. पंचवीस दिवस आपण काढू. बावन्न वर्षं कुठून काढायची? म्हणून शेठ उभा राहतो आणि आपण झेंडा धरतो. खाणारा-न खाणारा हा वादच नाही. शेठ एक रुपया खाणार नाही असं धरून चालू. पण ठेकेदारीवर कायदा करायची वेळ येईल, किमान वेतनाचा आकडा ठरायची वेळ येईल, तेव्हा तो कुठल्या खुर्चीवरून बोलेल? तीनच खुर्च्या आहेत. मालकाची त्याची आहेच. आपलीही त्यालाच दिली तर आपण उभं कुठं राहायचं?

२००९ पासून कर्जत-खालापूर मावळ लोकसभा मतदारसंघात आहे. घाटावरचं पिंपरी-चिंचवड, मावळ आणि घाटाखालचे आपण, पनवेल, उरण, एकाच पेटीत. शंभर वर्षांपूर्वी मावळातलं पाणी आपल्याकडं उतरलं आणि आपल्याला न विचारता मुंबईला गेलं. आता आपलं मत घाट चढून वर जातं. ते कुणाचं चाक फिरवतं, एवढं तरी आपण बघायला नको का?

पुढच्या रात्रपाळीला हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. एका दमात नाही, गाठी फोडता फोडता. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "पटलं दादा. पन मग आपल्यातला कोन उबा राहील? आन त्याला जाब कोन विचारील?"

ह्याला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "आधी आपण किती हाय ते तरी मोजूया."

गाठीतलं एक पत्रक त्यानं काढलं. पाठ कोरी होती. तिच्यावर आम्ही ठेकेदाराकडच्या पोरांची नावं लिहायला घेतली. कोण कुठल्या गावचा, किती वर्षं काम, पीएफ कापतात का, मतदार यादीत नाव आहे का. तीन पाळ्या मिळून त्रेपन्न नावं झाली. त्यातल्या एकोणीस जणांचं नाव कुठल्याच मतदार यादीत नाही. पुढच्या रविवारी विहारात बसून त्या एकोणीस जणांचे फॉर्म भरायचे आहेत. आसपास राहणाऱ्या वाचकांनी यावं. येताना पेन आणावा.

जयभीम.